हिरवळीचा धुरा

ऑगस्टचा पहिला सोमवार, साल २००३. ठिकाण, हिंगोलीतल्या एका सरकारी कार्यालयाची बाग. हजर: कार्यालयाचे साहेब, साहेबांवर छत्री धरून उभा असलेला शिपाई, हिरवळ सांभाळणारा दिगंबर, फुलांचे वाफे सांभाळणारा कुंडलिक, आणि त्या बागेच्या देखभालीचं काम घेतलेली मी. गैरहजर: हिरवळीची हातभर रुंद पट्टी, जी मागच्या पावसाळ्यापर्यंत जागेवर होती.

साहेबांनी छत्रीखालून विचारलं, "मॅडम, झेंडावंदनाला माझा स्टाफ उभा कुठे राहणार? झेंडूमध्ये?"

प्रश्न रास्त होता. ध्वजस्तंभासमोरच्या हिरवळीवर दरवर्षी स्टाफच्या चार रांगा उभ्या राहायच्या. आता तीनच मावत होत्या. झेंडूचा वाफा ध्वजस्तंभाच्या दिशेने सरकत आला होता. वाफे आपण होऊन चालत नाहीत. त्यांना कोणीतरी चालवतं.

"पंधरा तारखेच्या आत हिरवळ होती तिथं पाहिजे," साहेब म्हणाले. "नाहीतर तुम्ही आणि तुमचे हे दोघे, तिघांनाही सुट्टी." एवढं बोलून ते चहाला गेले. मागोमाग छत्री गेली.

या अंकाच्या संपादकांनी मला फुलांवर लिहायला सांगितलं आहे. फुलांवर सगळेच लिहितात. फूल जिथे संपतं आणि गवत जिथे सुरू होतं त्या रेघेवर कोणी लिहीत नाही. माझी निम्मी हयात त्या रेघेवर उकिडवं बसून गेली आहे, तेव्हा मी तिच्यावरच लिहिणार.

१९९४ पासून कळमनुरीच्या रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. जोडीला दवाखाने, बंगले, शाळा यांच्या बागा राखायचं काम घेते. १९९९ साली हिंगोली जिल्हा झाला आणि कार्यालयं आली. कार्यालय आलं की फाटक येतं, फाटकाच्या आत बाग येते. बागेत काय लावायचं हे तिथे कोणालाच माहीत नसतं. पण वाफ्याच्या कडेला विटा तिरप्या रोवायच्या आणि एक गेरूने, एक चुन्याने रंगवायची, हे मात्र प्रत्येकाला जन्मतःच माहीत असतं. या विटांशी मी वर्षानुवर्षं भांडले. निकाल सांगून टाकते: विटा जिंकल्या.

खरं तर आमच्या काळ्या मातीत वीट टिकतच नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मृगात ताठ रोवलेली वीट पुढच्या संक्रांतीला शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेली असते. विटांच्या फटीतून हरळी आत शिरते, आणि एकदा शिरली की विटेच्या आडोशाने निवांत वाढते, कारण तिथे खुरपं पोचत नाही. म्हणजे गवत अडवायला लावलेली वीट गवताला सांभाळते. हे मी किती साहेबांना समजावलं! सगळ्यांनी मान डोलावली आणि गेरू मागवला.

विटेशिवायची कड कशी करतात ते थोडक्यात सांगते. हिरवळीच्या बाजूने माती सरळ उभी कापायची, वाफ्याच्या बाजूने उताराची, म्हणजे मधे ओंजळभर खोलीची चर तयार होते. बस्स. ना सिमेंट, ना प्लास्टिक, ना वीट. गवताचं मूळ चरीपर्यंत येतं, पुढे त्याला उघडी हवा लागते आणि ते थांबतं. जे थांबत नाही ते लोंबतं, आणि लोंबलेलं कात्रीने कापता येतं. पावसाचं पाणी चरीतून निघून जातं. दुरून पाहिलं तर हिरव्या सतरंजीची शिवण दिसावी तशी काळी रेघ दिसते. यासाठी लागणारं हत्यार बाजारात मिळत नव्हतं. वारंगा फाट्यावर ट्रकांची कामं करणारा एक लोहार होता, त्याच्याकडून मी मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं चपटं पातं करून दांड्याला बसवून घेतलं. वर पाय दिला की लोण्यात सुरी जावी तसं जातं.

लोण्यात, पण कधी? माती ओली असली तर पात्याला चिकटून चपलेसारखी वर येते. कोरडी असली तर कड ढासळते, भाकरीचा तुकडा पडावा तशी. मधे एक दिवस, दीड दिवस असा येतो की माती मुठीत दाबली तर लाडू होतो आणि खाली टाकला तर फुटतो. तो वाफसा. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. साहेबांना सांगितलं तर ते विचारतात, "त्याचं वेळापत्रक आहे का?"

गिऱ्हाइकांच्याही तऱ्हा असतात. एका डॉक्टरांनी माझी कड नाकारून नांदेडहून हिरव्या प्लास्टिकची पट्टी आणवली आणि सगळ्या वाफ्यांभोवती फिरवली. मे महिन्यात ती कुरडईसारखी वळली. डॉक्टर म्हणाले, माल वाईट निघाला. ऊन मात्र चांगलं निघालं होतं. दुसरे एक निवृत्त गुरुजी. त्यांना कड इतकी आवडली की ते रोज सकाळी खुर्ची टाकून तिच्यावर पाळत ठेवायचे. फोन यायचा, "काल एक पान चर ओलांडून आलं होतं."

"गुरुजी, पानच आहे. कापून टाका की कात्रीने."

"मी कापलं नाही. तुम्ही येऊन पाहाल म्हणून तसंच ठेवलंय."

आता त्या दोघांकडे येते. दिगंबर आणि कुंडलिक, दोघं शिरड शहापूरचे, सख्खे चुलत भाऊ. दोघंही माझ्याहून थोडे मोठे. समोर मी भाऊ म्हणते, इथे नुसती नावं लिहिते. दिगंबर आधी कामाला आला. त्यानंतर काही महिन्यांनी कुंडलिक आला. आडनाव एक, गाव एक, नाकही एक, तरी ते एकमेकांकडे बघत नव्हते. मी चौकशी केली तेव्हा कळलं की दोघांची शेतं शेजारी आहेत आणि मधल्या धुऱ्यावरून दोन्ही घरं बोलत नाहीत. धुरा म्हणजे दोन शेतांमधली न नांगरलेली पट्टी, बांध. आमच्याकडे नांगरताना शेजाऱ्याच्या धुऱ्याची दोन बोटं आपल्याकडे ओढणं हा गुन्हा समजत नाहीत. तो नांगरण्याचाच भाग आहे. दोघांच्या वडलांनी तेच केलं, दोघांनी तेच केलं, आणि आता दोघांची पोरं मोठी होत होती. त्यांनाही लहानपणापासून धुराच दाखवत आणलं होतं.

मी मनात म्हटलं, इथे तर नांगर नाही. एकाला हिरवळ देते, एकाला वाफे. कामं वेगळी, भांडण नाही. फार नीटनेटकी योजना होती.

कामाला दोघं एक नंबर. कुंडलिक तर दर पंधरवड्याला स्वतःहून कड नव्याने कापायचा. मी म्हणायचे, किती मन लावून करतो! आता सांगायला हरकत नाही, तो दर वेळी दोन बोटं हिरवळीत सरकून कापत होता. आणि ताज्या कापलेल्या कडेचा गुण असा की ती कुठेही कापा, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होती अशी दिसते. साहेबांनी रांगा मोजल्या नसत्या तर झेंडू ध्वजस्तंभाला भेटून आला असता.

त्या सोमवारी साहेब चहाला गेल्यावर मी दोघांना समोर उभं केलं.

"कुंडलिकभाऊ, हे काय?"

"काय ताई? कड साफ केली. गवत आत घुसून राहिलं होतं."

"हातभर?"

"हळूहळू घुसलं."

दिगंबर पलीकडे तोंड करून म्हणाला, "ताई, गवत घुसलं का वाफा घुसला, ते डोळे असलेल्याला दिसतंय."

"त्याला म्हणावं," कुंडलिक माझ्याकडे बघत म्हणाला, "आधी गुलाबाकडं बघ."

मी गुलाबाकडे गेले. बागेच्या दुसऱ्या अंगाला गुलाबांचा वाफा होता. पहिली ओळ कडेपासून चांगली आत लावली होती, मीच लावली होती. आता ती ओळ गवतात उभी होती. दिगंबरने इमारतीच्या मागून हरळीचे मुळांसकट तुकडे आणून एकेक करत वाफ्यात बसवले होते आणि पुढे नवी कड कापली होती. तीही सुरेख. झेंडूकडे जितकं गेलं तितकं गुलाबाकडे वसूल. बागेच्या मालकीचा सातबारा कार्यालयाच्या नावे, आणि हे दोघे तिच्यात वडिलोपार्जित धुरा खेळत होते.

"दिगंबरभाऊ, हे गवत कोणाचं आहे?"

"सरकारचं."

"वाफे?"

"ते बी सरकारचे."

"मग तुमचं काय जातंय?"

दिगंबरने जरा विचार केला. "जात काहीच न्हाई, ताई. पण त्यानं घेतलं, हे बघवत न्हाई."

मला राग यायला हवा होता. पण इतकं खरं उत्तर त्या आवारात मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून लागणाऱ्या सामानाची यादी केली. लांब दोरी. लोखंडी खुंट्या. पातं. हरळीचे चौकोन. कार्यालयाच्या भिंतीपासून मोजायची टेप. आणि शेवटचं: वाफसा.

बुधवार, गुरुवार पाऊस. शुक्रवारी उघडलं. शनिवारी सकाळी मूठ दाबून बघितली, लाडू झाला, टाकला, फुटला. भिंतीपासून मोजून मी झेंडूच्या बाजूला दोन खुंट्या ठोकल्या. भिजलेल्या मातीत खुंट्या ताण धरत नाहीत, दोरी ताणून धरायला दोन माणसं हवीत, एका टोकाला एक. शिपायाला हाक मारू शकले असते. मारली नाही.

दिगंबरने एक टोक धरलं. कुंडलिकने दुसरं. मधे मी, खडूची भुकटी घेऊन.

"ताई, त्याला म्हणावं दोरी ताण."

कुंडलिक हाकेच्या अंतरावरसुद्धा नव्हता, साध्या बोलण्याच्या अंतरावर होता. तरी मी म्हटलं, "कुंडलिकभाऊ, दोरी ताणा."

"त्याला म्हणावं, ताणलेलीच हाय. त्याच्याच हातात दम न्हाई."

"दिगंबरभाऊ, तुमच्या हातात..." इथे मला स्वतःचीच लाज वाटली. "दोघंही ताणा."

ताणली. आता नवा मुद्दा निघाला: कापायचं दोरीच्या अलीकडे की पलीकडे? दोरी बोटाएवढी जाड. ते बोट कोणाचं?

"दोरीखालचं बोट वाफ्याकडं ऱ्हातंय," कुंडलिक म्हणाला. "आमच्याकडं तसंच हाय."

"त्याच्या बापानं बी असंच म्हणत हद्दीचा दगड हलवला होता," दिगंबर म्हणाला.

"ताई, बाप काढू नको म्हणावं!"

"दिगंबरभाऊ, बाप काढू नका."

"काहून? त्याचा बाप म्हंजे माझा काकाच हाय की. माझ्याच काकाचं काढून राहिलो."

दोरीचं कुंडलिककडचं टोक हललं. मला वाटलं, गेलं, आता पातं उचलतात. पण कुंडलिक हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत. हसू दाबायला त्याने तोंड फिरवलं, त्यामुळे दोरी ढिली पडली, आणि दिगंबर थेट ओरडला, "अरे ताण की नीट!"

थेट. मधे मी नव्हते. हे दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघंही लगेच जमिनीकडे बघायला लागले. दिगंबर सावरून म्हणाला, "ताई, ताणायला सांगा." पण झालं ते झालं होतं. दोरीच्या बरोबर मधून कापायचं, असा मी निकाल दिला. तो दोघांना सारखाच अमान्य होता, म्हणून टिकला.

दिवसभरात कड कापून झाली. झेंडूच्या बाजूला हरळीचे चौकोन बसवून पाणी दिलं. ऑगस्टमध्ये हरळी आठवड्यात धरते. गुलाबाच्या पायातलं गवत दिगंबरनेच काढलं. काढताना चेहरा असा, जणू कोर्टाने ताबा घ्यायला माणूस पाठवलाय. पंधरा ऑगस्टला चारही रांगा हिरवळीवर उभ्या राहिल्या. साहेब खूश झाले. इतके खूश झाले की म्हणाले, "मॅडम, आता ही कड परत हलायला नको. कडेने तिरप्या विटा लावून घ्या. एक गेरू, एक चुना."

लावल्या. पुढच्या संक्रांतीपर्यंत त्या झोपल्या. तोवर साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांना कारंजं हवं होतं.

दिगंबर आणि कुंडलिक माझ्याकडे पुढे पाच वर्षं होते. बोलत नव्हते ते नव्हतेच. पण दोरी धरायची वेळ आली की मला न विचारता दोघं दोन टोकांना जाऊन उभे राहायचे. जिल्ह्यात त्यांच्यासारखी कड कोणी कापत नव्हतं. मी त्या जोरावर चांगल्या बागा मिळवल्या आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली: एका दोरीने मी जे केलं ते त्यांच्या पंचांना जमलं नव्हतं.

मग २००८ साली, दसऱ्याच्या सुमाराला, दिगंबर रोपवाटिकेत आला. बसला. पाणी प्याला.

"ताई, पोरं आता काठ्या घेऊन धुऱ्यावर जाऊन राहिली. आमी दोघं बोललो न्हाई, पण हात बी उचलला न्हाई कधी. पोरांचं तसं न्हाई. परवा माझ्या थोरल्यानं त्याच्या धाकट्याची कॉलर धरली. कोणाचं तरी डोकं फुटल, मंग बसा जेलात. तुमी दोरी घेऊन या. आमी हाव तवर रेघ होऊन जाऊ द्या."

"कुंडलिकभाऊंना चालेल?"

"तुमी विचारा."

मी विचारलं. कुंडलिक म्हणाला, "चालतंय. त्यानं म्हटलं व्हय? मग मला बी चालतंय. माझ्या पोराला बी समजावून थकलो, ताई."

मी स्कूटीच्या डिकीत खुंट्या आणि दोरी टाकून शिरडला गेले. धुरा पाहिला. म्हातारी माणसं सांगत की पूर्वी त्यावरून बैलगाडी जायची. आता कणसाचा दाणा दोन्ही बाजूंनी खाऊन बुरखुंडा उरावा तसा तो उरला होता. चालायला गेले तर एक पाय याच्या तुरीत, एक पाय त्याच्या कपाशीत. दोन्ही घरं तिथे जमली. बायका आपापल्या पिकात उभ्या. दिगंबरचा थोरला काठी घेऊन आला होता. साप मारायला, म्हणाला. कुंडलिकचा धाकटाही सापासाठीच आला होता.

सुरुवात सोपी गेली. धुऱ्याच्या एका टोकाला दोघांची सामायिक विहीर आहे. विहीर कोणी हलवू शकत नाही. वडलांच्या काळात तसा प्रयत्न झाला नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. विहिरीच्या काठापासून पहिली खुंटी ठोकली. दोघांनी मान हलवली. मी स्वतःवर बेहद्द खूश.

दुसऱ्या टोकाला भिंत नव्हती, विहीर नव्हती. हद्दीचा दगड पूर्वी होता, तो कोणाच्या बापाने हलवला यावरच तर एवढी वर्षं गेली. दिगंबर एका जागी जाऊन उभा राहिला, "इथं होता." कुंडलिक एका जागी उभा राहिला, "इथं होता." दोघांमधे एक बैल आडवा उभा राहील एवढं अंतर.

मी म्हटलं, "मधोमध रोवते. दोरीच्या मधून कापलं होतं तसं. चालेल?"

दोघांनी मधली जागा नजरेने मोजली. मग दिगंबर म्हणाला, "मला चालतंय."

"मला बी चालतंय," कुंडलिक म्हणाला.

मी खाली वाकले, खुंटी लावली, हातोडी उचलली.

"थांबा ताई," दिगंबर म्हणाला. "असं न्हाई. तुमाला सांगून काय उपेग? उद्या तुमी जाताव हिंगोलीला, इथं पोरं ऱ्हातेत. त्यानं मला म्हणावं. तोंडानं. पोरांदेखत."

"मी म्हणतो," कुंडलिक म्हणाला, "पण त्याला आधी म्हणू द्या. तो थोरला हाय."

"थोरला हाव म्हणून मीच वाकू व्हय दर बारीला?"

"दिगंबरभाऊ," मी म्हटलं, "कुंडलिकभाऊ म्हणतायत की..."

"तुमी नका सांगू, ताई!" दोघं एकदम म्हणाले.

मी हातोडी खाली ठेवली. इतकी वर्षं मी मधे उभी राहून यांचे निरोप पोचवत होते आणि त्यालाच मिटवणं समजत होते. आता पोचवायला काही उरलं नव्हतं. दोन्ही होकार माझ्याकडे होते, आणि माझ्याकडे असून उपयोगाचे नव्हते.

पोरं काठीवर हनुवटी टेकवून बापांकडे बघत होती. बायका बघत होत्या. दोघं भाऊ आपापल्या जागी, जिथे दगड होता तिथे, दगडासारखेच उभे. ऊन उतरलं. धारांची वेळ झाली. आधी बायका गेल्या, मग पोरं गेली, एक या बाजूने, एक त्या बाजूने. शेवटी मीही निघाले. वळून बघितलं तर ते दोघं अजून तिथेच होते.

तेव्हापासून दोघांचे फोन येतात, वेगवेगळे. आधी पाऊसपाणी, माझी तब्येत, मग सहज विचारल्यासारखं, "ताई, त्यानं काही म्हटलं का?" मी सांगते, मला नका विचारू, तो तुमच्या शेजारीच राहतो. फोन ठेवतात. पोरांनी अजून कोणाचं डोकं फोडलेलं नाही, आणि विहिरीजवळची खुंटी अजून कोणी उपटलेली नाही. दुसरी रोवायची राहिली आहे. ती माझ्या स्कूटीच्या डिकीत आहे. खड्ड्यातून गाडी गेली की वाजते.